सोळापैकी नऊ

३ फेब्रुवारी
कारखान्याच्या तपासणीला गेले. अमोनियाची टाकी. दोन मजली उंच, चार पायांवर उभी, एकेका पायाला चार बोल्ट. भूकंपात तिला धरून ठेवायचं काम या सोळांचं. वरून हिरवा रंग चोपडलेला, दिसायला अगदी देखणे. पाना लावला तर एक नटासकट हातात आला! खाली काहीच नाही.

म्हातारा फिटर आधी 'मला काय माहीत' करत होता. मग हळूच म्हणाला, "टाकी बसवताना भोकं जुळेनात, मॅडम. काँक्रीटमधले बोल्ट कापले, वरून नुसती डोकी डकवली वेल्डिंगनं. त्याच दिवशी उभी हवी होती ना!"

नऊ निघाले असे.

५ फेब्रुवारी
अहवालात लिहिलं — धोका अतिगंभीर. टाकी रिकामी करा, मग दुरुस्ती. लगेच धाकट्या भावाला फोन. तो तिथेच ऑपरेटर आहे. कंपनीची क्वार्टर मिळणार म्हणून भावजय पडदेसुद्धा शिवून बसलीय. टाकीपासून ऐंशी पावलं! हा वायू सुटला तर दार उघडायलाही वेळ मिळत नाही. इतक्यात तिथे राहायला जाऊ नका, कळवळून सांगितलं.

"तू म्हणतेस तर थांबतो, ताई." जिवात जीव आला.

९ फेब्रुवारी
प्लांट मॅनेजर म्हणाले, "वीस वर्षांत इथे चहाचा कप हलला नाही." आमचे साहेब त्यांच्याच सुरात — "'अतिगंभीर' काढा, 'लक्ष देण्याजोगा' घाला." नाही घातलं. घरी येऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

१२ फेब्रुवारी
टाकी रिकामी करण्याबद्दल अजून उत्तर नाही.

१७ फेब्रुवारी
सकाळी अकराला हादरा! ऑफिसमधली कपाटं खडखडली, सगळे जिन्याकडे पळाले. मी रिक्षा पकडून थेट प्लांट गाठला. टाकी उभी. गळती नाही. धाकटा मजेत हात हलवत होता. तिथेच बसकण मारली आणि रडले.

मग वाकून पाहिलं. उत्तरेकडच्या पायाखालचं सिमेंट फुटलंय. माझं ओळखपत्र फटीत सरकवलं — अख्खं आत गेलं! म्हणजे पाय उचलला गेला होता. एवढ्याशा हादऱ्यात. फिटरने मान खाली घातली.

१८ फेब्रुवारी
फोटो घेऊन गेले. साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मॅनेजरचं पत्र माझ्या आधी पोचलेलं — 'प्रत्यक्ष भूकंपात टाकी सुस्थितीत. हरकत निकाली काढावी.' काढली! खाली सही, शिक्का. वरच्या ऑफिसला पत्र पाठवलंय. ते परत याच साहेबांकडे येणार, हेही माहीत आहे. इतकी हतबल मी कधीच नव्हते.

१९ फेब्रुवारी
धाकट्याचा फोन. आवाज खुशीत. "ताई, आता तर भूकंपानेच सर्टिफिकेट दिलं की!" त्याने क्वार्टरची किल्ली घेतली. भाचीचा पाळणा टाकीकडच्या खोलीत लावलाय — तिकडून वारा छान येतो म्हणे.