आलोच म्हणजे नक्की कुठं?

प्रिय मास्तर,

समोर असताना असं म्हटलं की तुझे कान लाल होतात, म्हणून कागदावर म्हणून घेते. शाहूपुरीतल्या आमच्या घरी खिडकीत बसलेय. खाली दोघांनी भर रस्त्यात गाड्या लावून कुणाच्या तरी बारशाच्या जेवणाचं ठरवायला घेतलंय. मागं टेम्पो अडकलाय, आणि टेम्पोवाला हॉर्न द्यायचा सोडून 'पावणं, आचारी आमच्या गल्लीतला घ्या की' म्हणून सल्ला देतोय. एवढ्याला तू ट्रॅफिक म्हणतोस! परवा पेठ वडगावातून इथं येताना दोनदा ब्रेक दाबायला लागला तर आल्या आल्या पाणी मागितलंस आणि म्हणालास, हे कोल्हापूर काय आता माणसांचं राहिलं न्हाई. मी हसले, पण मनात हिशेब सुरू झाला. कंपनीनं मला कायमचं बेंगळूरला बोलावलंय, मेमध्ये आपलं लग्न आहे, आणि हा माणूस माझ्यासोबत तिथं यायचाय!

रक्त तपासायची मशिनं घेऊन मी हॉस्पिटलं फिरते. मशीन बसवायचं, तिथल्या मुलींना शिकवायचं, की चालले पुढच्या शहराला. लोकांच्या लक्षात त्या त्या ठिकाणचं जेवण राहतं, माझ्या लक्षात रस्ते राहतात. पुण्यात माणूस उलट्या बाजूनं गाडी घालतो आणि वर आपल्यालाच नियम शिकवतो. दिल्लीची मेट्रो म्हणशील तर नाद खुळा, बायकांच्या डब्यात मी चक्क घोरलेय. पण स्टेशनाबाहेर पडलं की ई-रिक्षा, आणि तिच्यात गुडघे हनुवटीला लावून बसायचं. हैदराबादला आम्ही असे अडकलो की रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेऊन मला चहाच पाजला. उशीर झालाच आहे, मग घसा कशाला कोरडा ठेवायचा, म्हणाला. त्या शहरावर माझा तेव्हापासून जीव आहे.

आणि बेंगळूर? बाबा रे! तिथं लांब किती विचारलं तर कुणी किलोमीटर सांगतच नाही, वेळ सांगतात, आणि तीसुद्धा पाऊस आला की बदलते. मागच्या फेरीला टॅक्सी पुलावर जाम झालेली, हॉस्पिटलच्या मॅडमचा फोन आला, आणि मी आपल्या सवयीनं 'हितंच हाय, आलेच' हे इंग्रजीत करून सांगून टाकलं. बाईंना ते खरं वाटलं! त्यांनी सगळ्यांना एका खोलीत गोळा करून ठेवलं, चहा मागवला. मी पोचले तेव्हा चहावर साय धरली होती आणि मॅडमचं तोंड हे एवढं. त्यांची काय चूक? त्यांना कोण सांगणार, कोल्हापुरात 'आलोच' म्हणणारा गडी अजून अंघोळीला पाणी काढत असतो. यायचं मनात आहे, पण उठवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ऐकणाऱ्यालाही तो ठाऊक असतो, तोही निवांत दुसरा चहा सांगतो.

परत येताना बसमध्ये बसले आणि एकदम डोक्यात उजेड पडला. बेंगळूरचा विषय निघाला की तू काय म्हणतोस? 'तू हो पुढं, मी आलोच.' साखरपुड्यात म्हणालास तेव्हा मी हवेत होते. तुझ्या आईंनी जेवताना विचारलं तेव्हाही हेच. शाळेत राजीनाम्याचं बोललास का म्हटलं, तरी हेच! अरे प्रसेनजीत, मी काय परगावची आहे होय? मला कळत न्हाई व्हय?

रागावले नाहीये. म्हणजे थोडी रागावले होते, आता नाही. बायकोच्या नोकरीमागं जायचं म्हटल्यावर गाव काय म्हणेल, हे तुझ्या मनालाही शिवत नाही, ते मला पक्कं माहीत आहे. तुझी भीती वेगळी आहे. आपण पुण्याला ताईकडं गेलतो तेव्हा गच्च बसमधून तू मधेच उतरलास आणि उन्हातून चालत आलास. शर्ट पिळायला झालेला, ओठ पांढरे. ताई हसली, मला मात्र रडू येत होतं. वडगावात तू शाळेतून घरी निघालास की रस्ताभर पोरं 'सर, सर' करत मागं असतात, त्या वेळचा तुझा चेहरा मला फार आवडतो. तो मी गर्दीत हरवून बसेन की काय, असं मलाही वाटतं. आणि तरीही तू मला तिथं हवा आहेस. रोज, घरात, माझ्याशी भांडायला.

तर, मी काल कंपनीला होकार कळवला. ती नोकरी मला हवीच होती, खोटं कशाला बोलू? फोनवर विचारलं असतं तर तू पुन्हा आलोच म्हणाला असतास, म्हणून हे लिहायला घेतलं. येणार असलास तर 'येतो' लिही. जमणार नसेल तर सरळ 'न्हाई' लिही. मी रडेन, तुला चार शिव्या घालेन, पण ऐकून घेईन. आणि एक सांगायचं राहिलं. मी तिथं घर बघून आलेय. माझ्या ऑफिसापासून लई लांब आहे, सोबतच्या मुली म्हणाल्या, डोकं फिरलंय का तुझं, जन्म टॅक्सीत जाईल. जाऊ दे, मला सवय आहे. पण त्याच गल्लीच्या टोकाला एक शाळा आहे, आणि तिथं गणिताचा शिक्षक पाहिजे आहे. मी आत जाऊन विचारलं. मग घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाऊन बघितलं. मधे एकही सिग्नल नाही.

आई-अण्णांना जयभीम सांग.

तुझीच, कुठल्याही रस्त्यावर असले तरी,
दीप्ती