कोठीच्या बागेतलं निळं सूत

प्रिय बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही, म्हणून काकू अजून नावं ठेवते. काल मात्र रडले. तेही कोठीच्या बागेत, अनोळखी लोकांसमोर! त्याचा राग अजून उतरला नाही, म्हणून लिहायला बसले.

उमरेड रस्त्यावरच्या त्या कोठीची बाग काल सगळ्यांना पाहायला उघडी होती. तुम्ही तिथं जन्मभर माळी होतात आणि मी आत गेले ती पहिल्यांदा. लहानपणी तुमचा डबा घेऊन फाटकाशीच उभी राहायचे. एकदा खाली पडलेलं संत्रं उचललं, तर तुम्ही हातावर फटका मारलात. "काहून उचललं? मालकाचं हाय ते! हात नको लावू वं." पडलेलं होतं बाबा, सडणारच होतं. लेकीपेक्षा ते मोठं होतं का?

घरी एक फळ कधी आणलं नाहीत. आईच्या मागावरचं उरलेलं सूत मात्र खिशात भरून न्यायचात, तिथली कलमं बांधायला.

काल कोठीच्या सूनबाई पाहुण्यांना सांगत होत्या, "ही सगळी कलमं आमच्या सासऱ्यांनी स्वतः बांधलीत." मी मागून म्हटलं, "माझ्या बाबांनी बांधलीत." त्या गोड हसल्या. "हो हो, माळीकाका मदत करायचे."

मदत! तुम्ही असतात तर मान खाली घालून हसला असतात. मला त्याचाच जास्त राग येतो.

शेवटच्या वाफ्यात तुम्ही जाण्याआधी बांधलेली कलमं दिसली. आंबट जंबेरीच्या रोपाची साल चिरून बसवलेला संत्र्याच्या काडीवरचा डोळा, वर आईचं निळं सूत, तुमची विणकराची गाठ. डोळे जगले होते. पण सूत कुणी सोडलंच नव्हतं! महिन्याभरात सोडलं नाही तर ते सालीत रुततं, हे सासऱ्यांनी सुनेला शिकवलं नसावं. मी खाली बसून एकेक गाठ सोडू लागले. रखवालदार धावत आला. "झाडाले हात नका लावू, मॅडम!"

तेव्हा रडले. तुम्हीच बोललात असं वाटलं. तरी सगळ्या गाठी सोडल्या. झाली माझीही मदत!

आता रागवा. निघताना तिथल्या जुन्या संत्र्याच्या झाडाची एक काडी तोडली आणि ओल्या रुमालात गुंडाळून आणली. हुडकेश्वरला आपल्या घरामागे तुम्ही लावलेली जंबेरी अजून तशीच उभी आहे. तिला डोळा बांधायला तुम्हाला कधी सवडच झाली नाही. उद्या सकाळी मी बांधीन. काल सोडून आणलेल्या त्याच निळ्या सुतानं, तुमच्याच गाठीनं. महिन्यानं आठवणीनं सोडीनही.

पण पहिलं संत्रं पिकलं की तुमच्या फोटोपुढे ठेवणार नाही, बाबा. झाडाखाली उभ्याउभ्या मी एकटी खाईन. तुम्ही बघायचं.

तुमची,
फाटकाबाहेरची मंदा