शेळ्या खाली उतरवल्या तो दिवस

बा, तू जाऊन वीस वर्षं होत आली. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणजे तू असतास तरी हे दुसऱ्या कुणीतरी तुला वाचून दाखवलं असतं, आणि ते मला चाललं नसतं. ओमानच्या डोंगरात मी दोन वर्षं शेळ्या राखल्या. गाव म्हणजे चार दगडी घरं, त्यातली तीन बंद. चौथ्यात माझा मालक, म्हातारा अर्बाब. तिथे शेळ्यांना खजूर आणि सुकी तारली मासळी घालतात. बघितलं असतंस तर पोट धरून हसला असतास. म्हाताऱ्याची पोरं खाली शहरात, बौशरला राहतात. दर शुक्रवारी गाडी घेऊन येत, बापाला चला म्हणत. ती गेली की म्हातारा मला त्याच्या मोडक्या हिंदीत सांगायचा, "बकरी है, तब तक मैं इधर." म्हणजे त्याचं तिथलं राहणं माझ्या हातात होतं, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

आपल्या सड्यावर वीज पडून दोन शेळ्या गेल्या, तो दिवस मला अजून दिसतो. मी कळप माथ्यावर ठेवून गंमत बघत उभा आहे. तू धापा टाकत येतोस, आधी माझ्या कानाखाली वाजवतोस आणि मग ओरडतोस, "आभाळ गरजलं की जित्राब खाली घळीत घ्यायचं! किती येळा सांगू?" ती थप्पड मी जन्मभर जपून ठेवली.

ओमानात त्या दिवशी अर्बाब डोळे दाखवायला बौशरला गेला होता. दुपारी लांबच्या शिखरावर गडगडलं. माझ्या डोक्यावर लख्ख ऊन, तरी मी कळप हाकत खाली वादीत आणला. वादी म्हणजे नदीचं कोरडं पात्र. तिथे एका कपारीखाली सगळ्यांना बसवलं, स्वतःवर खूश होऊन पाणी प्यायलो. आमच्यावर थेंबही पडला नाही. आधी दगड गडगडत आल्याचा आवाज आला, मग वरच्या डोंगरातलं सगळं पाणी आलं. एक करडू काखेत धरून मी वर चढलो. बाकी कळप गेला. कशा ओरडत होत्या, ते तुला सांगवत नाही.

म्हातारा दुसऱ्या दिवशी आला. रागावला असता तर बरं झालं असतं. इतकंच विचारलं, "नीचे क्यों लिया?"

"मेरे बाप ने सिखाया," मी म्हणालो.

"अल्ला तेरे बाप को माफ करे," तो म्हणाला. "खलास."

शुक्रवारी पोरांनी त्याची वळकटी गाडीत टाकली. करडूही त्याने नेलं नाही. आता तिथे चारही घरं बंद आहेत. मी खाली शहरात, रुवीत एका दुकानाच्या गोदामात खोकी उचलतो. म्हातारा बौशरला एसीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो म्हणे. तो परत वर जाणार नाही, आणि यात आता कुणाला काही करता येण्यासारखं नाही.

पण बा, उन्हाळ्यात आपण परक्या डोंगरात जायचो, तेव्हा तू आधी तिथल्या म्हाताऱ्यांपुढे उकिडवा बसून विचारायचास, इथं पाणी कुठून उतरतं. हेही तूच शिकवलेलं. मी अर्बाबला दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. धनगराच्या पोराला कोण काय शिकवणार, हा तोरा. त्याच्यासमोर उभा होतो तेव्हाही मला हे आठवत होतं. त्याने तुझ्यासाठी अल्लाकडे माफी मागितली, आणि मी ती मागू दिली.