गार लाकडावरचा शिक्का

ता. १४, मंगळवार

चिरंजीव धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस, घरात कुणी मेलेलं नाही. हे माझंच अक्षर. दर वेळी मी सांगते आणि तुझी बायको लिहिते, म्हणून तुला वाटत असेल ताईचं अक्षर मोत्यासारखं आहे. मोती तिचे. माझ्या मुंग्याच. तिचा हात दुखतोय म्हणून या वेळी मीच बसले.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर माझा आवाज चढतो, तू फोन आपटतोस, मग दोघंही फुगून बसतो. कागदावर ओरडता येत नाही, तेवढं बरं.

इकडचं ठीक. मोरीतला नळ गळत होता. प्लंबर आज येतो उद्या येतो करत राहिला, शेवटी त्याच्या नावानं खडे फोडून मीच पाना घेतला. आता नळ गळत नाही, पण उघडायला दोन माणसं लागतात. तुझ्या पँटी शिंप्यानं आखूड केल्या, त्या जरा जास्तच झाल्या. घालशील तेव्हा चिखलातून चालल्यासारखा दिसशील.

आमच्या कामाच्या शेडमध्ये थोडी गडबड झाली. तू कधी तिथं पाऊल टाकलं नाहीस म्हणून मुळापासून सांगते. परदेशी जाणारा माल लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्या ठोकून केलेल्या पाटावर ठेवतात. त्या लाकडाच्या पोटात भुंग्याची अळी असते. वरून फळी धुतल्या तांदळासारखी, आत पोखरणं चालू. ती अळी तिकडे उतरली की उभी झाडं खाते, आणि तिकडे तिला टिपणारं पाखरूही नसतं. म्हणून लाकूड भट्टीत घालायचं. भट्टी म्हणजे खोलीएवढी पेटी. फळीच्या गाभ्यापर्यंत धग पोचली की दार उघडायचं आणि मग शिक्का मारायचा. मग, आधी नाही. शिक्का मारलेल्या लाकडातून तिकडे अळी निघाली तर आमचा शिक्काच काढून घेतात. म्हणजे शेडला कुलूप आणि सगळ्यांच्या चुली थंड.

शिक्का तुझ्या बायकोकडे होता. गरम लाकडावर शाई फरकटते. तिला फरकटलेलं खपत नाही, तुला ठाऊक आहे, चादरीची घडीसुद्धा ती काठाला काठ लावून घालते. त्यात मालकाची रोजची कुरकुर, ठसा वाचता येत नाही म्हणून. तर त्या दिवशी तिनं एक थप्पी भट्टीत जायच्या आधीच, गार लाकडावर छापून ठेवली. मनात पाप नव्हतं. थप्पी आत जाणारच होती. नेमकी भट्टी बंद पडली. ती मिस्त्रीला बोलवायला गेली, आणि आमच्या फोर्कलिफ्टवाल्यानं, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, शिक्के बघितले आणि थप्पी उचलून गाडीत चढवली. त्याचं काय चुकलं? शिक्का बघून उचल, असंच त्याला शिकवलंय.

मी गाडीच्या मागून जात होते. ठसे बघते तर पुस्तकात छापल्यासारखे. इतके सुबक ठसे भाजलेल्या लाकडावर येतच नाहीत. वाकून बघितलं तर फळीच्या कडेला पिठासारखा ताजा भुसा. गाडी फाटकाकडे निघाली होती, मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, जीव वर आलाय का. मी म्हटलं, तुझा येईल, आधी माल उतरव.

अख्खी शेड गोळा झाली. मालकानं विचारलं, हे कुणी छापलं?

"माझ्या भावजयीनं," मी म्हटलं.

ती मिस्त्रीला घेऊन त्याच वेळी फाटकातून आत येत होती. मालकानं तिला तिथंच, सगळ्यांसमोर काढून टाकलं.

हात दुखतोय ते खोटं लिहिलं. ती घरात नाही. तिच्या आईकडे गेली. जाताना पिशवी खांद्याला लावून एवढंच म्हणाली, "वन्सं, मला बाजूला घेऊन विचारलं असतंत, तर मालकाला मीच सांगितलं असतं. तुम्ही मला तेवढीही सवड दिली नाहीत."

मी दारापर्यंत मागं गेले, तोवर ती कोपऱ्यावर वळली होती.

गाडी अडवली त्याचं मला तसूभर वाईट वाटत नाही. उद्या पुन्हा अडवेन, तू चालवत असलास तरी. पण ती दहा पावलांवर होती रे. माझी जीभ थांबली असती तर आभाळ कोसळत नव्हतं.

घर तुमचं, आणि राहिले मी एकटी. नवरा गेल्यावर तिनंच मला हाताला धरून इथं आणलं होतं, तू तर हो-नाही करत होतास. आता मी तिच्या भांड्यांत जेवते. चप्पल नेली तिनं, छत्री राहिलीय. छत्री ठेवली म्हणजे येणार, असं मी धरून चाललेय. पण बाहेर लख्ख ऊन होतं, विसरलीही असेल.

तिच्या आईच्या दारात जाऊन आले. पाणी तुझ्या बायकोनंच दिलं, आत या म्हणाली नाही. मग मालकाकडे गेले. म्हटलं, ठसा वाचता येत नाही म्हणून रोज जीव कोण खात होतं? तो जरा वरमला. शिक्का देणार नाही म्हणाला, पण फळ्या ठोकायच्या कामावर घेईन, तिनं स्वतः यावं. शिक्का आता माझ्याकडे आहे. सगळे ठसे फरकटतात. फरकटू देत.

तू रजा काढ. आधी तिच्याकडे जा, घरी नंतर. तिच्यावर ओरडू नकोस, ते झालंय करून. तिला माझं तोंड बघायचं नसेल तर शेडमागची खोली रिकामी आहे, मी तिथं राहीन. हे रागानं लिहीत नाही. नळ तेवढा सैल करून जाईन.

हा कागद खिशात ठेवू नकोस, तिच्या हातात दे. मी तिच्याबद्दल काही चुकीचं लिहिलं असेल तर तिनं खोडावं. माझ्या नावाखाली दर वेळी तिची एक ओळ असते. ती जागा मोकळी सोडलीय. लिहायला तिला हवा तेवढा वेळ लागू दे.

थांबलेली,
तुझी ताई