बेटावरचं कांद्याचं बी

आत्या,

परवा ग्रामसभेत मी भांडले. धरणातलं आपलं बेट सहलीच्या होड्यांसाठी भाड्यानं द्यायचं घाटतंय. धरण खात्याच्या साहेबांनी कागद वाचला, "बेट ओसाड. पूर्वीचा वापर काही नाही." माझं डोकंच फिरलं. उठून म्हटलं, "काय न्हाय कसं? पाणी यायच्या आदी तितं जुन्या गावाचं खळं हुतं. मागनं मासेवाल्यांनी जाळी वाळवली. आन् माज्या आत्यानं मरस्तवर तितं कांद्याचं बी काढलं." मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

हसणाऱ्यांना काय ठाऊक! नवऱ्यानं टाकल्यावर तू माहेरी आलीस, बाबांकडं आणि काकांकडं बियाण्यापुरते दोन वाफे मागितलेस, तर ते चेष्टेनं म्हणाले, "बेटावर जा." तू खरंच गेलीस. काठावर सगळ्यांचे कांदे शेजारीशेजारी फुलायचे, मधमाश्या इकडचे पराग तिकडं न्यायच्या आणि बी भेसळीचं व्हायचं. बेटावर तुझ्याशिवाय कुणाचा कांदाच नव्हता. मी दहा वर्षांची, तुझ्याबरोबर होडीतून यायचे. एकदा भाकरीसोबत पांढरा कांदा आणला, तर तू तो पाण्यात भिरकावलास. "परका कांदा हितं चालायचा न्हाय." "अगं, खायाला आणलाय!" "मग होडीतच खायचा हुता." कोरडी भाकरी गिळताना तुझा इतका राग आला होता! पुढं वरकुट्यापासनं माणसं तुझ्याकडं बी मागायला यायची. काकाही आले. त्यांना तू आधी "बेटावर जा" म्हणालीस, मग ओंजळभर दिलंस.

साहेबांनी मला विचारलं, "ते बी आता कुठंय?" मी ठणकावून सांगितलं, "माज्याकडं हाय. दरसाल लावते." ठराव पुढं ढकलला. फुलं आली की साहेब स्वतः बघायला येणार आहेत. येऊ देत. दुसऱ्याच दिवशी मी बेटावर चार वाफे कांदे लावले, घागरीनं पाणी घालते. कुणी उठवायला आलं तरी मी उठणार नाही.

हे पत्र मात्र चुलीत घालणार आहे, कारण साहेबांना पुढचं कळता कामा नये. कांद्याचं बी एकच साल टिकतं, हे तूच शिकवलंस. तू गेलीस त्या वर्षी मला पाण्याकडं बघवेना. तुझ्या बियाचा डबा फडताळात तसाच राहिला. दुसऱ्या वर्षी पेरलं, तर एक कोंब वर आला नाही. बेटावर लावलेले कांदे इंदापूरच्या बाजारातले आहेत, आत्या.