कोऱ्या बाजूचे कागद

अहो,

काल तुरुंगाच्या जाळीआडून तुम्ही विचारलंत, "सापडल्या का नकला?" मी म्हटलं, "शोधतेय." तुम्ही हसून शिपायाला म्हणालात, "आमची ही चिंधीसुद्धा टाकत नाही, साहेब. कागद जातोय कुठे!"

टाकले नाहीत, हे खरंच आहे.

रेल्वे फाटकातली घंटा बंद आहे, गाडी आलेली कळत नाही, असे पाच अर्ज तुम्ही कंपनीला केलेत. प्रत्येकाची कार्बन नक्कल मला जपायला दिलीत. त्यांची मागची बाजू कोरी होती आणि कोरा कागद पडून राहिलेला मला बघवत नाही. तुमच्या फाटकावर कुणाचा जीव जाऊ नये, म्हणून मी त्यावर रोज बारीक अक्षरात देवाचं नाव लिहिलं. भरल्यावर ते नाव रद्दीत कसं घालायचं? पाया पडले आणि ते कागद शेगडीत घातले. पुढच्याच महिन्यात गाडीने ती जीप उडवली.

जीपमधल्यांच्या घरच्यांनी कंपनीवर दावा लावलाय. कंपनी म्हणते, अर्ज आलेच नाहीत, चूक फाटकवाल्याची. त्यांच्या दप्तरातले हरवले आणि आपले मी जाळले.

उद्या कोर्टात मी हे सांगणार आहे. त्यांचा वकील हसेल, हसू दे. मला धास्ती तुमच्या चेहऱ्याची आहे. आधी तुम्हाला कळावं म्हणून हे लिहायला बसले, पण हे पत्र तुमच्या हाती देववत नाही. आजचा दिवस तरी तुमच्या लेखी कागद घरात असू देत.

तुमचीच,
घरी आहे ती