गिटारच्या ब्रिजवरचं कुंकू

सरस्वतीपूजा, संध्याकाळ. तंजावूर.

गिटारच्या तारा जिथं अडकतात तो धातूचा ट्रेमोलो ब्रिज नवा निवडलाय, जुन्यासारखाच सहा स्क्रूंचा. पण मागवायला हात धजत नाही. जुना गंजला म्हणून काल मित्रांसमोर अम्माला टाकून बोललो, "दर पूजेला कुंकू लावतेस, त्यानंच गंज चढला!" आज पूजेत ठेवण्याआधी पुसताना पाहिलं. कुंकू लागतं तो कोपरा स्वच्छ. गंज आहे तो माझा घामट तळहात टेकतो तिथं. हे तिला सांगायला हवं होतं. पण गिटार वीणेशेजारी ठेवून तसाच बाहेर पडलो. का?

आत्ता परत आलो. वीणेला कुंकू, स्कूटरला कुंकू, मिक्सरलासुद्धा. गिटार तेवढी कोरी.

"तुझ्या गिटारला हात नाही लावला रे," अम्मा म्हणाली. "बघून घे."